आल्याचा अर्क विकायचा आहे? बाटली भरण्याआधी हे वाचा

आमच्या कोरेगाव भागात आलं गाडीवर विकलं जातं. गाडी म्हणजे ५०० किलो. ज्या वर्षी गाडीचा भाव पडतो त्या वर्षी घरोघरी एकच बोलणं सुरू होतं, की कच्चं विकण्यापेक्षा याचं काहीतरी करू. कुणी आलेपाक करतं, कुणी सुंठ वाळवतं, कुणी सरबत. हल्ली 'अर्क' हा शब्द चालतो. छोटी काचेची बाटली, ड्रॉपर, हिरवं लेबल.

जाऊबाई आणि मी याच वाटेने गेलो. पहिल्या खेपेला ४०० बाटल्या भरल्या, लेबलं चिकटवली आणि मग तीच लेबलं गरम पाण्यात भिजवून नखांनी खरवडून काढली. आम्ही हौसेने छापलं होतं, 'सर्दी-खोकल्यावर रामबाण'. तपासणीला आलेले अन्न सुरक्षा अधिकारी बाटली हातात घेऊन म्हणाले, "ताई, खोकला जातो म्हणताय ना? मग औषधाचा परवाना दाखवा." आमच्याकडे सरबताचा होता. चूक आमचीच होती. तुमची नखं वाचावीत म्हणून हे लिहितेय.

१. आधी ठरवा, बाटलीत आहे काय: अन्न, पूरक, औषध की सौंदर्यप्रसाधन

आलं तेच, रस तोच. पण तुम्ही ते कशासाठी म्हणून विकता यावर कायदा बदलतो, परवाना देणारं कार्यालय बदलतं, चाचण्याही बदलतात. नवखे लोक उलट्या बाजूने सुरुवात करतात: आधी माल, मग लेबल, मग परवाना. तसं करू नका.

सरबत, आलेपाक, सुंठ पावडर, चहात घालायचा आल्याचा रस हे अन्न. २००६ चा अन्न सुरक्षा व मानके कायदा लागू होतो आणि नोंदणी किंवा परवाना एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, 'फॉसकॉस' या पोर्टलवरून. सुंठवडासुद्धा यातच. रामनवमीला देवळात वाटलात तर कुणी विचारत नाही, पण पाकीट करून दुकानात ठेवलात की नोंदणी हवी.

कॅप्सूल, गोळी किंवा 'रोज इतके थेंब घ्या' असा मोजून घ्यायचा अर्क असेल तर तो आरोग्यपूरक किंवा न्यूट्रास्युटिकल होतो. त्याला वेगळे नियम आहेत. त्यांच्या परिशिष्टात वनस्पतींची यादी आहे, कोणता भाग वापरायचा आणि दिवसाला किती, हे तिथे दिलेलं असतं. आलं त्या यादीत आहे. पण या प्रकाराला केंद्रीय परवाना लागतो आणि लेबलवर 'औषधी वापरासाठी नाही' हा इशारा बंधनकारक असतो. घरच्या स्वयंपाकघरातून हे सुरू करायचं काम नाही.

'खोकला बरा करतो', 'सांधेदुखी थांबवतो' असं म्हणायचंच असेल तर ते औषध. मग १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा. आयुर्वेदिक औषध म्हणून करायचं तर फॉर्म २४-डी भरून अर्ज, परवाना फॉर्म २५-डी मध्ये, आणि कारखाना 'शेड्यूल टी'च्या, म्हणजे चांगल्या उत्पादन पद्धतींच्या, अटींप्रमाणे. महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासनाकडे आहे. त्रिकटू, म्हणजे सुंठ, मिरी, पिंपळी, आजीच्या डब्यात असायचं हे खरं. आजीच्या डब्याला परवाना लागत नव्हता, कारण आजी ते विकत नव्हती.

मधली एक वाटही निघाली आहे: २०२२ चे 'आयुर्वेद आहार' नियम. मान्य आयुर्वेदिक ग्रंथांतल्या पाककृतीप्रमाणे केलेले खाद्यपदार्थ त्यात बसतात. अर्थात, हे अन्नच. रोग बरा करण्याचा दावा इथेही करता येत नाही.

केसांचं तेल, साबण, फेसपॅक यांत आल्याचा अर्क घालणार असाल तर सौंदर्यप्रसाधने नियम, २०२०. अर्ज सीओएस-५, परवाना सीओएस-८, कार्यालय पुन्हा अन्न व औषध प्रशासन. एफएसएसएआयचा नंबर तेलाच्या बाटलीवर छापणारे मी पाहिलेत. त्या नंबराचा तिथे काही उपयोग नाही.

एकच अर्क चहासाठी आणि केसांसाठीही, असं एका बाटलीवर लिहू नका. दोन कायद्यांत एकदम सापडाल.

२. अर्क विकत घेत असाल तर पुरवठादाराला सतावा

बरेच जण स्वतः अर्क काढत नाहीत, तयार ओलिओरेझिन (आल्याचा घट्ट, तेलकट अर्क) किंवा पावडर घेऊन पातळ करून भरतात. त्यात वाईट काही नाही. पण 'जिंजर एक्स्ट्रॅक्ट' एवढ्या दोन शब्दांवर पैसे देऊ नका.

पहिला प्रश्न: प्रमाण १०:१ लिहिलंय, म्हणजे १० किलोपासून १ किलो अर्क, ते ओल्या आल्याचं की सुंठेचं? ओल्या आल्यात सुमारे ८० टक्के पाणी असतं. १० किलो ओलं आलं म्हणजे सुकं वजन साधारण २ किलो. म्हणजे ओल्याचा १०:१ हा सुक्याचा जेमतेम २:१. भाव मात्र दोन्हीला सारखाच सांगतात.

दुसरा: कशात काढला? पाणी, अल्कोहोल, कार्बन डायऑक्साइड, हेक्झेन, ॲसिटोन, इथाइल ॲसिटेट, जे असेल ते लेखी घ्या. द्रावक (अर्क विरघळवून काढणारं रसायन) वापरला असेल तर त्याचा उरलेला अंश किती, याचा अहवाल मागा.

तिसरा: त्यात आल्याशिवाय काय आहे? पावडरीत बऱ्याचदा मॅल्टोडेक्स्ट्रिन (पिष्टापासून केलेली भर) असतं, पाण्यात विरघळणाऱ्या ओलिओरेझिनमध्ये पॉलिसॉर्बेट (तेल-पाणी एकत्र धरणारं रसायन). ते चालतं, पण मग ते तुमच्या घटकांच्या यादीत आलं पाहिजे. 'फक्त आलं आणि पाणी' असं छापून आत पॉलिसॉर्बेट निघालं तर खोटं तुमचं ठरतं, पुरवठादाराचं नाही.

चौथा: निर्जंतुकीकरण कसं केलं? वाफेने, की इथिलीन ऑक्साइड या वायूने? २०२४ मध्ये हाँगकाँग आणि सिंगापूरने काही भारतीय मसाले याच रसायनावरून अडवले होते. तेव्हापासून परदेशी खरेदीदार आधी हेच विचारतात.

पाचवा, आणि माझ्या मते सगळ्यांत मोठा: तिखटपणा कशावरून मोजला? इथे एक जुनी गोष्ट सांगते. अमेरिकेत दारूबंदी होती तेव्हा 'जमैका जिंजर' नावाचा आल्याचा अर्क औषधाच्या दुकानांत मिळायचा. त्यात ७०-८० टक्के अल्कोहोल. लोकांनी तो नशेसाठी पिऊ नये म्हणून सरकारने अट घातली, की त्यात आल्याचे घन पदार्थ ठराविक प्रमाणात हवेतच, म्हणजे तो घशाखाली उतरणार नाही इतका जहाल राहील. तपासनीस अर्क आटवायचे आणि खाली काय उरलं त्याचं वजन करायचे. बोस्टनकडच्या दोघांनी यातली फट शोधली. आल्याचं प्रमाण कमी करून त्यांनी ट्राय-ऑर्थो-क्रेसिल फॉस्फेट हे कारखान्यात वापरायचं तेलकट रसायन मिसळलं. त्याला चव नाही, वास नाही. वजन बरोबर भरलं. १९३० मध्ये हजारो लोकांच्या पायांतलं बळ गेलं. पावलं आपटत चालायची त्यांची ती चाल 'जेक वॉक' या नावाने कुप्रसिद्ध झाली.

म्हणून तपासणी अहवाल हातात आला की फक्त 'पास' हा शब्द बघू नका. काय तपासलंय ते बघा. 'एकूण घन पदार्थ' हा आकडा साखरेनेही भरतो आणि तिखटपणा मिरचीच्या अर्कानेही येतो. जिंजेरॉल आणि शोगाओल या आल्यातल्या तिखट घटकांची एचपीएलसीवरची (घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) मोजणी मागा. ओल्या आल्यात जिंजेरॉल जास्त असतं, वाळवताना त्यातल्या काहीचं शोगाओल होतं. ताज्या आल्याचा अर्क म्हणून घेतलेल्या मालात शोगाओल भरपूर निघालं तर तो बहुधा सुंठेचा आहे किंवा फार तापवलेला आहे.

३. स्वतः रस काढत असाल तर

आलं दाबून काढलेला रस तासभर ठेवला की तळाशी पांढरा साका बसतो. ते आल्याचं पिष्ट. वरचा रस निथळून घ्या आणि साका टाकून द्या, नाहीतर उकळताना सरबत दाटतं आणि बाटलीत गढूळ दिसतं.

आल्याचा रस आपल्याला झणझणीत लागतो म्हणून तो आपोआप टिकेल असं वाटतं. टिकत नाही. तो लिंबासारखा आंबट नाही, त्याचा पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं आंबट) ४.६ च्या वर असतो, आणि अशा रसात हवाबंद बाटलीत घातक जंतू वाढू शकतात. लिंबाचा रस किंवा सायट्रिक आम्ल घालून पीएच ४.६ च्या बराच खाली आणा आणि प्रत्येक घाण्याला मोजा. मोजायला पीएच मीटर घ्या. रंगाच्या पट्ट्या आल्याच्या पिवळ्या रसात नीट वाचता येत नाहीत.

सोडियम बेंझोएट हे टिकवणारं रसायन किती घालायचं हे शेजारणीला विचारून ठरवू नका. तुमचा पदार्थ कोणत्या प्रकारात मोडतो त्यावर मर्यादा ठरते. एफएसएसएआयच्या मानकांत सिरप, स्क्वॅश आणि 'जिंजर कॉकटेल' हे वेगवेगळे मोजलेले आहेत.

साखर घालून आलं आंबवून 'जिंजर बिअर' करायची फॅशन आली आहे. त्यात सावध राहा. पेयात ०.५ टक्क्यापेक्षा जास्त अल्कोहोल झालं की एफएसएसएआयच्या लेखी ते मद्य ठरतं, मग दारूचे नियम आणि राज्य उत्पादन शुल्क विभाग. उन्हाळ्यात बंद बाटलीत आंबणं चालूच राहतं. बाटली फुटते तो धोका निराळा. अर्क काढायला अल्कोहोल वापरणार असाल तरीही आधी त्याच विभागाकडे जा.

आता शेताकडे. कंदकूज आली की आपण सगळेच आळवणी करतो, म्हणजे झाडाच्या मुळाशी औषध ओततो. त्या औषधांचे अंश कंदात उरतात. रस किंवा अर्क काढला की आल्याबरोबर तेही दाट होऊ शकतात, शिसंही तसंच. काढणीआधी किती दिवस फवारणी-आळवणी बंद ठेवायची ते औषधाच्या डब्यावर लिहिलेलं असतं, ते पाळा. बाजारातून आलं घेत असाल तर शेतकऱ्याकडून फवारणीची नोंद मागा. देत नसेल तर दुसरा बघा.

४. कागद

अन्न परवान्यासाठी माझ्याकडून मागितलेले कागद हे:

- ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, फोटो
- जागेचा पुरावा: मालकीचा उतारा किंवा भाडेकरार, सोबत मालकाचं संमतीपत्र
- जागेचा नकाशा, मापांसह. कच्चा माल कुठून येतो, पक्का कुठून जातो हे दिसलं पाहिजे
- यंत्रांची यादी, अश्वशक्ती आणि क्षमता
- पदार्थांची यादी, प्रकारासह
- पाण्याचा तपासणी अहवाल. विहिरीचं पाणी असेल तर तो सगळ्यात आधी करून घ्या
- अन्न सुरक्षा व्यवस्थापनाचा आराखडा
- जबाबदार व्यक्तीचं नेमणूकपत्र

छोट्या उद्योगाला नुसती नोंदणी पुरते आणि तिला कागद कमी लागतात. उलाढालीच्या मर्यादा अधूनमधून बदलतात, म्हणून जुन्या व्हिडिओत सांगितलेला आकडा धरून बसू नका. अर्जाच्या दिवशी फॉसकॉसवर जे दिसेल ते खरं.

इथला सापळा: पदार्थाचा प्रकार चुकीचा निवडणं. सुंठ पावडर मसाल्यात, सरबत पेयांत, आलेपाक मिठाई-गोळ्यांच्या गटात जातं. एकाचा परवाना दुसऱ्याला चालत नाही. नवीन पदार्थ सुरू केलात तर परवान्यात तो वाढवून घ्या. एजंट 'सगळं एकाच प्रकारात टाकतो' म्हणेल. टाकू देऊ नका, सही तुमची असते.

५. चाचण्या

प्रयोगशाळा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं मंडळ) मान्यतेची आणि एफएसएसएआयच्या यादीतली हवी. कारखान्याच्या परवान्याच्या अटींत दर सहा महिन्यांनी रासायनिक आणि जंतूंची तपासणी येते.

सुंठेचे आकडे पाठ असू द्या: ओलावा १२ टक्क्यांपेक्षा जास्त नको, बाष्पशील (वास देणारं, उडून जाणारं) तेल अख्ख्या सुंठेत किमान १.५ टक्के, पावडरीत किमान १ टक्का. कॅल्शियम ऑक्साइडची मर्यादा बघून पहिल्यांदा मला कळेना, की सुंठेत कॅल्शियम कशाला मोजतात. मग उमगलं: सुंठ पांढरीशुभ्र दिसावी म्हणून चुन्यात घोळतात. न घोळलेल्या सुंठेला १.१ टक्के, घोळलेल्या सुंठेला २.५ टक्के अशी मर्यादा आहे. दुकानात पांढरी सुंठ महाग मिळते आणि लोक तीच मागतात. मी मळकट रंगाचीच विकते.

बाकी शिसं, कीटकनाशकांचे अंश, अफ्लाटॉक्सिन (बुरशीचं विष) आणि साल्मोनेला (पोट बिघडवणारा जंतू). पावसाळ्यात वाळवलेली सुंठ अफ्लाटॉक्सिनसाठी हमखास तपासा. छतावर ताडपत्रीखाली 'जवळजवळ वाळलेली' सुंठ पोत्यात भरली की बुरशीला आयतं घर मिळतं.

६. लेबल

जास्तीत जास्त घोळ इथेच होतो. २०२० च्या लेबलिंग नियमांप्रमाणे पदार्थाचं नाव, घटक उतरत्या क्रमाने, पोषणमूल्यांचा तक्ता, शाकाहारी चिन्ह, परवान्याचा १४ आकडी नंबर, तुमचं नाव-पत्ता, बॅच नंबर, उत्पादनाची तारीख आणि 'यूज बाय' तारीख. नुसतं 'बेस्ट बिफोर' छापून आता भागत नाही. वजनमापाच्या नियमांप्रमाणे निव्वळ वजन, कमाल किंमत, प्रति ग्रॅम किंवा मिलीचा भाव आणि ग्राहकाला तक्रार करायचा फोन.

आता शब्दांकडे या. २०१८ च्या जाहिरात आणि दावे नियमांत 'नैसर्गिक', 'ताजं', 'शुद्ध', 'पारंपरिक' हे शब्द कधी वापरायचे याच्या अटी आहेत. 'घरगुती' किंवा 'होममेड' असा भास देणारे शब्द तर टाळाच, ते मला सर्वांत जड गेलं, कारण आमचं खरोखर घरातच सुरू झालं होतं. '१०० टक्के' लिहू नका, २०२५ मध्ये एफएसएसएआयने तशी सूचनाच काढली. 'डॉक्टरांनी सुचवलेलं' नको. 'रोगप्रतिकारशक्ती वाढवतं' लिहायचं तर पुरावा हवा. मधुमेह, कर्करोग, लठ्ठपणा यांची नावं तर मनातही आणू नका, तिथे १९५४ चा 'औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती)' कायदाही लागू होतो. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला अन्न कायद्यात १० लाखांपर्यंत दंड आहे, आणि व्हॉट्सॲप स्टेटस, इन्स्टाग्रामची रील हीदेखील जाहिरातच. बाटलीवर काही न लिहिता रीलमध्ये 'माझी शुगर उतरली' म्हणणारे आहेत. तसलं करू नका.

मग लिहायचं काय? आम्ही लिहिलं, 'आले-लिंबू सरबत. कोरेगावच्या आल्यापासून.' खपतं.

७. कोणी जपून घ्यावं

स्वयंपाकातल्या आल्याला कोणी घाबरायचं कारण नाही. अर्काचं वेगळं, कारण चमचाभरात बरंच आलं मावतं. जर्मनीच्या 'कमिशन ई' या वनौषधी तपासणाऱ्या सरकारी समितीने सुंठेचं दिवसाचं प्रमाण २ ते ४ ग्रॅम धरलं होतं. १०:१ चा सुंठेचा अर्क असेल तर ते ४०० मिलिग्रॅमच्या आत आलं. जास्त झालं की पहिली तक्रार जळजळीची. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेले, पित्ताशयात खडे असलेले आणि गरोदर बायका यांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावं, हे पूरक विकणाऱ्याने लेबलवर स्पष्ट लिहावं. त्वचेला लावायच्या तेलात आल्याचं बाष्पशील तेल अगदी थोडं आणि आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघायची सूचना. आल्याच्या तेलातल्या सिट्रालसारख्या घटकांची काहींना ॲलर्जी असते.

जाता जाता: ग्राहकाने फोन करून 'तुमचा रस घातला की चहा फाटतो' म्हटलं तर माल खराब आहे असं समजू नका. कच्च्या आल्यात प्रथिनं तोडणारं एन्झाइम असतं. रस आधी पाण्यात उकळायला सांगा, दूध नंतर.

८. परदेशी पाठवायचं असेल तर

निर्यातीला मसाला मंडळाची निर्यातदार नोंदणी लागते. युरोपात सुंठेची अफ्लाटॉक्सिनची मर्यादा कडक आहे: बी१ पाच आणि एकूण दहा मायक्रोग्रॅम प्रति किलो. अमेरिकेत आलं आणि त्याचं ओलिओरेझिन मसाला म्हणून सुरक्षित मानल्या गेलेल्या यादीत आहे, पण कॅलिफोर्नियात शिशाबद्दलचा इशारा दिवसाला अर्ध्या मायक्रोग्रॅमपासून लागू होतो. न्यू जर्सीतली मावशी 'पाठव गं दोन खोकी, इथे मराठी मंडळात खपतील' म्हणाली, तरी विक्रीचा माल भेट म्हणून पाठवू नका.

९. वही आणि नमुने

प्रत्येक घाण्याची एक ओळ: तारीख, आलं कुणाच्या रानातलं, किती किलो, पीएच, बाटल्या किती, कुठल्या दुकानाला गेल्या. प्रत्येक बॅचच्या दोन बाटल्या 'यूज बाय' तारीख उलटेपर्यंत कपाटात ठेवा, त्यांना हात लावायचा नाही. आमच्याकडे पाहुणे आले की जाऊबाई त्यातलीच बाटली उघडायच्या. आता त्या कपाटाला कुलूप आहे आणि किल्ली माझ्याकडे.